विमानाच्या खांद्यावरची हळद

पुसदला माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा, ट्रॉलीच्या मागं 'आईचा आशीर्वाद', ऑटोच्या काचेवर वाघाचे डोळे, ही माझी रोजी. गिऱ्हाईक नसलं की त्याच कॉम्प्युटरवर मी लढाऊ विमानं रंगवतो. विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये आपण तयार केलेलं विमान चढवता येतं. आकार आयता मिळतो. अंगावरचा रंग, आकडे, ओरखडे आपले. बायको याला रिकामटेकडेपणा म्हणते, मी कला म्हणतो. अजून निकाल लागलेला नाही.

एका वर्षी मी एका नामांकित वैमानिकाचं विमान रंगवायला घेतलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत त्यानं शत्रूची विमानं पाडली होती. ते विमान आता एका संग्रहालयात उभं आहे. त्याचे फोटो पुढ्यात ठेवून मी खिळा न् खिळा उतरवला. रंगाच्या बाबतीत मी भारी खडूस माणूस, त्यामुळे काम संपल्यावर स्वतःवरच खूश होतो.

एका मंगळवारी फुलसावंगीकडच्या तांड्यावरचे एक म्हातारे काका ट्रॅक्टरची नंबरप्लेट न्यायला आले. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. स्क्रीनला नाक लागेल इतके जवळ गेले आणि म्हणाले, "हे कोनाच्या लग्नाले चाल्लं?"

"काका, विमान आहे ते."

"मले दिसते ना इमान हाय ते. नवरदेवावानी सजवलं काहून? लढाईत असं नव्हतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हाला काय ठाऊक, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. तर ते शांतपणे म्हणाले, "माह्या हातातलं हाय ते." काका वायुदलात मेकॅनिक होते आणि लढाईभर हेच विमान त्यांच्या ताब्यात होतं. मी खुर्ची पुसून दिली आणि मुकाट्यानं चहा सांगितला.

त्यांचा एक डोळा गेलेला होता. दुसऱ्यात काचबिंदू. तोही जाणार, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. "त्याच्या आंधी ते मले एकडाव दाखव," काका म्हणाले, "जसं होतं तसं."

मग ते दर मंगळवारी येऊन सांगू लागले. हिरवा रंग घाईघाईत कुंच्यानं फासला होता, तर फटकारे तसेच राहू दे. शिडी टेकायची तिथला रंग उडव. तोफेच्या तोंडाशी काजळी, उजवीकडे जरा जास्त. मला कालचं गिऱ्हाईक आठवत नाही, आणि हा माणूस पन्नास वर्षांपूर्वीचा तेलाचा ओघळ कुठून सुरू होऊन कुठं थांबत होता ते बोटानं दाखवायचा.

एकदा म्हणाले, "खांद्याले पिवयं राह्यलं." खांदा म्हणजे पंख जिथं अंगाला जुळतो ती जागा. मी आठवडाभर खपून तिथं पिवळा पट्टा काढला, कडा अगदी सुरीनं कापल्यासारख्या. काका ठसका लागेस्तोवर हसले.

"पट्टा कायले काढला? हयद होती ते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. मी लहानपणापासून चोळत आलो, आणि तरी पट्टा काढून बसलो. लाज वाटली.

"पोया नव्हता," काका म्हणाले. "पन लढाई लागली त्या सांजच्याले सैपाकाच्या लंगरातून हयद आनली, तूप आनलं. चोयलं खांद्याले. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हनलं. मागं पाह्यतो तं इमान उडवनारे सायेब उभे."

"मग?"

"हयद पुसाले नाई लावलं."

पुढच्या मंगळवारी मी घरून वाटीत तूप-हळद कालवून नेली. काकांचा उजवा पंजा त्यात बुडवून पांढऱ्या रेडियमवर उठवला आणि तो स्कॅन केला. तळहाताची रेघ न् रेघ आली, वाकडी करंगळीसुद्धा. तो पंजा विमानाच्या खांद्यावर ठेवला तेव्हा इतकी वर्षं आपण नुसती चिकटपट्टीच चिकटवली असं वाटलं.

तोवर काकांना नळीतून पाहावं तेवढंच दिसू लागलं होतं. मी विमान उडवलं. विमान सोडताना करायचे तसा त्यांनी सवयीनं हात वर केला.

"पुढं नाई पाह्यलं आमी कधी," ते म्हणाले. "एकच सीट त्याच्यात. ते झाडाच्या पल्याड गेलं का आमी वाट पाह्यत बसाचं."

मी विमान ढगांच्या वर नेलं आणि कॅमेरा त्याच्या पाठीवर आणला. खाली ढग, वर लख्ख ऊन, आणि खांद्यावर पिवळा पंजा. काका स्क्रीनपासून वीतभर अंतरावर, मान तिरकी करून, कोपरा न् कोपरा शोधत पाहत होते. पंजा सापडला तिथं थांबले. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात डोळ्याजवळ आणून पाहिला.

"म्हंजे," ते म्हणाले, "मी बी गेलतो वर."