समाजासाठी दुखणारं डोकं

चहा येईपर्यंत मीच सांगून टाकतो. नाहीतर आमचे भानुदासमामा सांगतील, आणि त्यांच्या तोंडून ऐकलंत तर उद्या मी चालवत असलेल्या विमानात तुमच्यापैकी एकही जण बसणार नाही!

मला पायलट व्हायचंय हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ज्याला नव्हतं, त्याला मी स्वतः घरी जाऊन सांगितलंय. पाचवीपासून मी डेहराडूनला वसतिगृहात, पुढे कॉलेज बंगळूरला. तिथून परत आलो तो एकच ध्यास घेऊन. आमच्या फर्दापूरच्या माणसाला हार्ट अटॅक आला तर त्याला तासाभरात मुंबईच्या दवाखान्यात पोचवायचं, विमानानं, आणि ते विमान मी चालवायचं!

फ्लाइंग स्कूलनं जागा ठेवली होती. अट एकच, आधी मेडिकल. डॉक्टरनी ‘फिट’ लिहिलं तर आकाश, नाहीतर गावाबाहेरच्या रस्त्यावरचं आमचं शेत.

आणि माझं डोकं दुखायचं! थोडंथोडकं नाही. दोन्ही कानशिलांत कुणी खुंट्या ठोकतंय असं. गंमत म्हणजे डेहराडूनला कधी दुखलं नाही, बंगळूरच्या ट्रॅफिकमध्येही नाही. गावी परतलो आणि सुरू झालं. आता माझ्यासारख्या शिकलेल्या, संवेदनशील तरुणानं यातून काय समजावं? मी समजलो, आपल्या लोकांचे हाल पाहून माझं डोकं दुखतंय. कसं, पटतंय की नाही? मला तर इतकं पटलं, की वाचनालयाच्या उद्घाटनात मी माइकवरून सांगूनही टाकलं, “तुमच्यासाठी माझं डोकं दुखतं!” टाळ्या पडल्या हो!

मेडिकलला संभाजीनगरला निघालो तर भानुदासमामा सोबत. मांडीवर पिशवी, तिच्यात गुलालाची पुडी आणि केशरी फेटा. भाचा पास झाला की दवाखान्याच्या दारातच सत्कार! आमच्या पंचक्रोशीत फेटा बांधावा तर मामांनीच. नवरदेव घोड्यावरून पडला, पण फेटा हलला नाही, अशी त्यांची कीर्ती.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मामा कानाशी लागले. “डोक्याचं इचारलं तर नाय म्हण.”

“मामा! पायलटनं पहिल्याच दिवशी खोटं बोलायचं?”

“खोटं कामून? आत्ता दुखतंय का?”

“आत्ता नाही.”

“मंग? नाय म्हण, आन् गप ऱ्हा. तुला गप ऱ्हायचंच लई जड जातं.”

मी आत गेलो. डॉक्टर मॅडम वयानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. उंची, वजन, डोळे, कान, सगळं उत्तम झालं. मग त्यांनी विचारलं, “डोकेदुखी?”

“आहे,” मी छाती पुढे काढून म्हणालो.

“कधी दुखतं?”

आता इथं ‘कधीमधी’ म्हणून गप्प बसायचं की नाही? पण नाही! “मॅडम, समाज पाहिला की.”

त्यांनी चष्मा काढला. “समाज… दिसतो तुम्हाला?”

“इकडे आल्यापासून रोज!”

“बरं. नुसता दिसतो, की आवाजही येतो?”

“हाक येते ना, मॅडम! आतून! त्या हाकेमुळेच तर परत आलो.”

“कोण मारतं हाक?”

“ही माती!”

मॅडमनी पेन उचललं ते बराच वेळ खाली ठेवलंच नाही. मला वाटलं, बाई भारावल्या. बाहेर येऊन कागद पाहिला. मेंदूचा एमआरआय, मेंदूचे डॉक्टर आणि त्याखाली मनाचे डॉक्टर!

मामांनी कपाळावर हात मारला. “एक ‘नाय’ म्हणायचं व्हतं रं, इक्रम!”

आम्ही गावात पोचायच्या आधी बातमी पोचली. चौकात कुणी म्हणालं, विक्रमच्या डोक्यात गाठ आहे. पिठाच्या गिरणीवर म्हणाले, वारं शिरलंय. आई माझ्याशी इतकं हळू बोलू लागली, की मला खरंच आजारी असल्यासारखं वाटू लागलं.

रिपोर्ट आले. मेंदू अगदी स्वच्छ. मनाच्या डॉक्टरांनी तासभर माझं ऐकून घेतलं, दोनदा घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, “मुलगा ठणठणीत आहे. फक्त बोलतो फार.”

मी उड्या मारत मॅडमकडे गेलो. मामा पिशवीसह मागे होतेच. पण मॅडम काही सही करेनात.

“कारण सापडल्याशिवाय मी फिट लिहिणार नाही. मागे पेशंट झोपलेला, तुम्ही वर ढगात, आणि अचानक समाज दिसला तर?”

इतकी वर्षं पाहिलेलं स्वप्न, आणि ते माझ्याच भाषणानं बुडवलं! शेवटचा उपाय म्हणून मी मोबाइल काढला. म्हटलं, काम तरी दाखवू, बाई विरघळतील. “हे बघा मॅडम, या प्रत्येक कार्यक्रमानंतर डोकं दुखलंय. हे वाचनालय. ही व्यायामशाळा. हा शाळेतला सत्कार. हे चुलतभावाचं लग्न.”

मॅडम बोटानं फोटो सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, “लग्नात कसला समाज दिसला?”

मी फोटो मोठा करून समाज शोधू लागलो.

“आणि हे डोक्यावर काय आहे?”

“फेटा, मॅडम.”

“याही फोटोत?”

“हो.”

“इथंही. इथंही. फेटा नसताना कधी दुखलं का?”

मी आठवू लागलो. आठवता आठवता कान तापले. “नाही, मॅडम.”

“कोण बांधतं?”

मामा उभेच राहिले. “म्या बांधतो. आन् माझ्या फेट्यावर आळ घेऊ नगा, सांगून ठेवतो!”

“आणलाय?”

मामांनी पिशवीतून फेटा काढला. मॅडमच्या डोळ्यांदेखत त्यांनी माझ्या खुर्चीला गुडघा लावला आणि बैलगाडीवर कडबा आवळावा तसा पीळ मारला. चांगलं दणदणीत तुरेदार काम झालं. मॅडमनी चहा मागवला. त्यांचा कप संपायच्या आत माझ्या कानशिलांत खुंट्या सुरू!

“काय दिसतंय? समाज?”

“नाही मॅडम… नुसतं दुखतंय.”

फेटा काढला. कपाळावर लाल वळ. थोड्या वेळानं डोकं शांत. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. “महिनाभर फेटा बंद. नाही दुखलं तर या.”

तो महिना मी मुद्दाम समाज पाहत फिरलो. रस्त्यातले खड्डे पाहिले, कोरडे नळ पाहिले, बंद पडलेलं आरोग्य केंद्र आतून-बाहेरून पाहिलं. डोकं ढिम्म! जराही दुखेना! खरं सांगू? मला माझ्या डोक्याचा रागच आला. इतकी संवेदनशीलता गेली कुठं?

महिन्यानं मॅडमनी लिहिलं, ‘फिट’. मी तो कागद दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहून मोठ्यानं वाचला. मामांनी गुलाल उधळला आणि मला खांद्यावर घेतलं. वॉचमन ओरडत होता, पण ऐकतंय कोण!

गावाच्या वेशीवर हलगी वाजत होती. चौकात भला मोठा फ्लेक्स, त्यावर फेट्यातला मी, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘समाजासाठी ज्यांचं डोकं दुखतं, ते आमचे भावी पायलट!’ जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

स्टेजवर मामा फेटा घेऊन आले.

“मामा, आता तरी सैल बांधा की!”

“नाय जमायचं.” मामा कानाशी वाकले. “गावाचंच म्हणणं हाय. पहिल्या सत्काराला तू इतका येळ बोललास, की लोकांची जेवणं राहिली. तवापासून मला सांगून ठेवलंय, ‘भानुदास, भाच्याचा फेटा जरा आवळून बांध, म्हंजी भाषण लवकर आटपंल.’”

आणि त्यांनी पीळ मारला.

म्हणजे बघा, डोकं समाजामुळेच दुखत होतं! मॅडमना मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की नाही?