खोकल्याचं निमित्त

शितलला लेक झाली, पण लेकीचं तोंड आधी पाहिलं ते तिच्या नवऱ्यानं. ही सल तिच्या मनात पहिल्याच दिवशी बसली.

पहिलं बाळंतपण म्हणून ती शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीतून दौंडला माहेरी आली होती. सातवा महिना सरता सरता तिचं बीपी एकाएकी चढलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि सिझर करावं लागलं. पोर ओंजळीत मावेल एवढीशी. असल्या पोरांसाठी लागणारी काचेची पेटी दौंडात रिकामी नव्हती, शिरूरला मिळाली. शितल शुद्धीवर यायच्या आत अँब्युलन्स निघूनही गेली. नवरा, सत्यजीत, कंपनीतून शिफ्ट अर्धी टाकून परस्पर शिरूरला पोचला आणि तिथलाच झाला.

मग त्याचे फोन सुरू झाले. "शितल, आज तोंडातली नळी काढली. सोताच्या दमानं श्वास घेतीय!" दुसऱ्या दिवशी, "माझं बोट धरलं अगं. सोडंचना!"

शेजारी बसलेली आई, सोजराबाई, ऐकून हात जोडायची. "नशीब काढलंस बाय. असला बाप मिळाया पुण्याई लागती."

शितल नुसतं "हं" म्हणायची आणि फोन ठेवला की भिंतीकडं तोंड करून पडायची. पोटात लाथा कुणी खाल्ल्या? ओकाऱ्या कुणी काढल्या? पोट कुणाचं फाडलं? आणि बोट धरलं ते ह्यांचं! पंपानं काढलेलं तिचं दूध बर्फाच्या डब्यातून वडील मोटरसायकलवर शिरूरला न्यायचे. तिच्या वाट्याला आईपण आलं ते तेवढंच.

एकदा त्यानं फोटो पाठवला. शर्टाची बटणं उघडी, उबेसाठी छातीवर घेतलेली, लोकरीची टोपी घातलेली लेक, आणि त्याच्या तोंडावर असं काही सुख की तसं लग्नातसुद्धा तिनं पाहिलं नव्हतं. तिनं फोटो पुसून टाकला. संध्याकाळी मात्र राहवेना, तेव्हा "फोटू आलाच न्हाई, परत पाठवा" म्हणाली.

बीपी उतरलं, टाके सुकले, तशी ती शिरूरला गेली. तिथल्या अनिता सिस्टर हसून म्हणाल्या, "या! आम्ही तर हिच्या पप्पांनाच आई म्हणायला लागलो होतो."

खुर्चीत बसवून त्यांनी बाळाला शितलच्या उघड्या छातीवर ठेवलं. बाळानं तोंड वाकडं केलं, अंग ताठ केलं आणि त्याला जोडलेलं मशीन टुंग-टुंग वाजू लागलं.

"घाबरू नका, नवीन अंग आहे ना तिला," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी बाळ सत्यजीतकडं दिलं.

"चिऊ, ए चिऊ," तो पुटपुटला. मशीन गप्प झालं.

नवीन! आणि चिऊ हे नाव ठेवलं कधी? कुणाला विचारून?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाला गेल्याचं पाहून ती सिस्टरना म्हणाली, "ह्यांना रातभर खोकला होता. पोरीला तर न्हाई ना लागायचा?"

अनिता सिस्टरचा चेहरा बदलला. दारातच त्यांनी सत्यजीतला थांबवून काहीतरी विचारलं. शितलनं काचेतून पाहिलं. त्यानं आत एकवार नजर टाकली, तशी तिनं मान खाली घातली; त्यानं होकाराची मान हलवली आणि काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या.

आता बाळ तिचं एकटीचं झालं. आधी कुरकुरलं, मग हळूहळू तिच्या छातीवर रुळलं, तोंड उघडं टाकून झोपूही लागलं. शिफ्ट सुटल्यावर सत्यजीत काचेपलीकडं येऊन उभा राहायचा. शितल पंपानं दूध काढायचा बहाणा करून पाठ फिरवायची. खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा तिला बरंच वाटलं.

मग एका दुपारी चिऊ नाकातल्या दुधाच्या नळीशिवाय, थेट अंगावर प्याली. शितलनं हरखून काचेकडं पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

तो खाली बाकावर वडापाव खात बसला होता. ती जिना उतरून गेली. "प्याली. अंगावर प्याली."

"व्हय?" तो उठलाच, पण लगेच मागं सरला. "लांब ऱ्हा. मला खोकला हाय ना."

शितलचं तोंड उतरलं. "तुम्ही सिस्टरला खोकला न्हाई म्हणून का सांगितलं न्हाई?"

"म्हणणार होतो. आत बघितलं, तर तू मान खाली घालून बसलेली. न्हाई म्हणलो असतो तर त्यांच्यापुढं खोटी पडली असतीस." हातातला वडापाव त्यानं कागदात गुंडाळला. "पर शितल, लेकराला काचेतनं बघायला लावलंस मला. असं पुन्हा करू नको."

"आन् मी?" तिचा आवाज चिरकला. "दौंडात पडल्या पडल्या नुसतं ऐकत होते. मला तर काचसुद्धा नव्हती."

त्यानं वडापावची पुडी बाकावर ठेवली. मग म्हणाला, "ते मातर खरं."

वर जाऊन तिनंच सिस्टरना सांगितलं की ह्यांचा खोकला गेला.

चिऊ आता शिक्रापूरच्या खोलीत आहे. रस्त्यावरच्या ट्रकांच्या हॉर्ननं ती हलत नाही, पण दारात बापाचा आवाज आला की मान वळवते. शितलला अजून चिमटा बसतो. "जा, आला तुझा बाप," म्हणत ती पोर त्याच्याकडं देते, भाकरी थापता थापता एक डोळा तिकडंच ठेवते आणि दोन भाकऱ्या होतात न होतात तोच म्हणते, "पुरं झालं आता, द्या हिकडं."