एकेचाळीस रिकामे चौकोन

धायरीच्या शैला गायकवाडांना कुणी 'आता त्याचा काय उपयोग' म्हटलं, की आधी राग येतो आणि मग हात शिवशिवायला लागतात. तीस वर्षं त्यांनी छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवला. आता घरी बसून जुन्या फाइली वाचत्या करतात. त्या काळी प्रत्येक फॉन्टचा कारभार स्वतंत्र. संगणकाच्या पोटात नुसते आकडे. कुठल्या आकड्याला पडद्यावर 'क' दाखवायचा आणि कुठल्याला काना, हे फॉन्ट ठरवणार. फॉन्ट हरवला, की अख्ख्या पुस्तकाची भेळ झालीच म्हणून समजा.

अशीच एक सीडी घेऊन खडकीच्या सोजरबाई दोन बस बदलून आल्या. वय चौऱ्याऐंशी. त्यांचे यजमान सुखदेव दारूगोळा कारखान्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, एका दुकानात टाइप करून घेतलं आणि छापण्याआधीच ते गेले. हस्तलिखित क्वार्टर सोडताना गहाळ झालं, दुकानही बंद पडलं.

"समदं नको सांगू," सोजरबाई म्हणाल्या. "माझं नाव हाय का, तेवढं बघ. जन्मभर सभा न् युनियन. घरात शब्द न्हाई. त्यांच्या लेखी मी हुते का न्हाई, ते कळू दे."

शैलाताईंनी वहीत दोन रकाने आखले: एकात आकडा, दुसऱ्यात अक्षर. पण सुरुवात कुठून करायची? पहिल्या पानाच्या माथ्यावर एकच छोटी ओळ होती. शैलाताईंच्या घरात साधी चिठ्ठीसुद्धा ज्या दोन शब्दांनी सुरू होते आणि सोजरबाईंनीही दारात पाऊल टाकताना जे म्हटले होते, तेच इथे असणार. 'जय भीम' धरून त्या पुढे गेल्या, आणि तीच अक्षरं खालच्या ओळींत चपखल बसली. एकटीनंच टाळी वाजवली त्यांनी. सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा म्हणजे काना, हेही उमगलं. आठ दिवसांत सुखदेवांची कारखान्यातली पहिली पाळी, मोठा संप, विहाराची पायाभरणी, सगळं वाचता येऊ लागलं.

एकच आकडा दाद देईना. तो आला, की नुसता रिकामा चौकोन दिसे. फॉन्टमधल्या मोकळ्या जागी एखादं फूल किंवा वेलबुट्टी बसवून ठेवायची छापखान्यांची जुनी रीत. 'असेल नक्षी,' म्हणत त्यांनी सगळे चौकोन खोडले आणि 'सोजर' शोधलं. एकदाही नाही. 'पत्नी' नाही, 'मंडळी' नाही. युनियनच्या चहावाल्याचं नाव मात्र चार वेळा! शैलाताईंना त्या गेलेल्या माणसाचा संतापच आला.

खडकीला फोन करायला जीव धजेना. पण एक शंका डोक्यातून जाईना. नक्षी असते दोन परिच्छेदांच्या मध्ये. ही भर वाक्यात कशी? त्यांनी मूळ फाइल पुन्हा उघडली. मोजले तर चौकोन एकेचाळीस. 'संपाच्या दिवसांत □ उपाशी झोपे आणि जेवले म्हणून सांगे.' '□ नसती तर मी कधीच दारूच्या नादी लागलो असतो.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी खडकी गाठली आणि ती वाक्यं सोजरबाईंना वाचून दाखवली.

"मावशी, इथे त्यांनी काहीतरी चित्र बसवून घेतलं होतं. फॉन्टबरोबर तेही गेलं. काय असेल?"

 सोजरबाईंनी बांगड्या वर सारून डावं मनगट पुढे केलं. त्यावर लहानपणी गोंदवलेली हिरवी वेल होती, तीन पानांची.

"एकदा पातळ कागद न् पेन घिऊन बसले. ही वेल उतरवून घेतली. मी म्हणलं, म्हाताऱ्याला खूळ लागलं. कशाला, ते सांगितलं न्हाई."

 शैलाताईंनी पिशवीतून कागद काढून त्या मनगटावर ठेवला. 

"नीट काढ गं," डोळे पुसत सोजरबाई म्हणाल्या. "एकेचाळीस जागी बसवायचंय."