स्पिरिटचा बोळा

दारूबंदीच्या त्या वर्षांत मी मालवणच्या कोर्टात कारकून होतो. दवाखान्यातले एक कंपाउंडर वरचेवर साक्षीला येत. पकडून आणलेल्याचं रक्त डॉक्टर काढत. त्याआधी दंड पुसणं आणि नंतर बाटलीला सील करणं हे यांचं काम. बोलणं अगदी मोजकं. "कधी इलात?" म्हटलं की "साडेधाक", म्हणजे साडेदहाला, एवढंच म्हणत.

एकदा एका ट्रकवाल्याने मासे विकायला निघालेल्या गाबतिणीला उडवलं. ती जागीच गेली. ती कंपाउंडरांची शेजारीण होती. ड्रायव्हरच्या रक्तात दारू निघाली. साक्षीआधी फौजदारांनी त्यांना बाजूला घेतलं. "दंड साबणाच्या पाण्याने पुसला, एवढंच सांगा."

दंड कशाने पुसला, नेमकं तेच आरोपीच्या वकिलाने विचारलं.

"स्पिरिटच्या बोळ्याने," कंपाउंडर म्हणाले.

मग रक्तातली दारू त्या स्पिरिटचीच नसेल कशावरून, असा वाद झाला आणि ड्रायव्हर सुटला.

व्हरांड्यात त्या बाईचा नवरा उभा होता. "कंपाउंडरानू, तो पिलेलो होतो, ह्या तुमका म्हायत होता ना?"

"होय. तोंडाक वास येय होतो."

"मगे?"

"वासाचा माका कोणी इचारूकच नाय."

नवरा पायऱ्या उतरून गेला. खरं बोललात, असं मी कंपाउंडरांना म्हणणार होतो. त्यांचा चेहरा बघितला आणि मला ते म्हणवलं नाही.