पाणक्याचं काय झालं

मी अधाशी वाचक आहे. संतांच्या ग्रंथांवरची भाष्यं असोत, इतिहासाचे जाडजूड खंड असोत की जुन्या अभिजात कादंबऱ्या, हाती लागलं की फडशा पाडायचा आणि पुढचं घ्यायचं. बायको म्हणते, "तुम्ही वाचत नाही, उरकता." तिचं हे म्हणणं मी कित्येक वर्षं हसण्यावारी नेलं.

नोकरी न्हावा शेव्याला होती, बंदरात येणाऱ्या मालाच्या कागदपत्रांची. पनवेलच्या स्टँडवर सकाळी उरणची एसटी पकडायची, खिडकी धरायची आणि पिशवीतून वाचनालयाचं पुस्तक काढायचं. वाटेत कंटेनरांच्या रांगेत गाडी अडकली की अर्धा अर्धा तास जागची हलायची नाही. लोक ड्रायव्हरपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचे. मी मनातून खूश असायचो.

एकदा असाच एका ऐतिहासिक कादंबरीत बुडालो होतो. वेढा पडलेला किल्ला, आत मूठभर माणसं, दाणागोटा संपत आलेला. पान उलटायला गेलो तर शेजारून आवाज आला, "थांबा जरा. माजं नाय झालं."

मला राग आला. पुस्तक माझं, खिडकी माझी, आणि हा कोण मला थांबवणारा? पन्नाशीचा गडी, गळ्यात टॉवेल, मांडीवर जेवणाचा डबा. ओठ हलवत, एकेक ओळ चाखत वाचत होता. कंटेनरच्या यार्डात साखळ्या बांधायचं काम करतो, हे पुढे कधीतरी कळलं. नाव मी विचारलं नाही, त्यानेही विचारलं नाही. पानाच्या शेवटी पोचला आणि कंडक्टर ड्रायव्हरला सांगतो त्या थाटात म्हणाला, "हां, जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशीही तो शेजारी येऊन बसला. तिसऱ्या दिवशी मी पिशवी ठेवून त्याची जागा धरली. का धरली, हे आजही मला नीट सांगता येत नाही. त्याचं पान होईपर्यंत मला थांबावं लागायचं, आणि थांबलो की मी तीच ओळ पुन्हा वाचायचो. मग त्या ओळीतला किल्ल्यावरचा वारा लागायचा, रिकाम्या कोठारातला उंदीर दिसायचा. असं वाचन मी आयुष्यात त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही कित्येक वर्षं केलं नाही.

शनिवारी चोरदरवाज्याचं प्रकरण आलं. रातोरात सगळी शिबंदी किल्ल्याखाली उतरते, आणि शत्रूला संशय येऊ नये म्हणून एक म्हातारा पाणक्या मागे राहतो. रिकाम्या किल्ल्यात तो एकटाच पखाल खांद्यावर घेऊन तटावरून येरझाऱ्या घालतो. एवढ्यात माझ्या शेजाऱ्याचा थांबा आला. उतरता उतरता तो म्हणाला, "समदी गेली, आन् ह्याला ठेवला." गोष्टीबद्दल त्याने उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य.

चाळीस पानं राहिली होती. सोमवारपर्यंत दम धरायला काय हरकत होती? पण आमचा स्वभाव म्हणजे पी हळद आणि हो गोरी. रविवारी दुपारी कादंबरी संपवली, संध्याकाळी परत केली आणि गीतेवरचं एक भाष्य घेऊन आलो.

सोमवारी तो बसला, माझ्या हातातल्या पानाकडे वाकला आणि दोन ओळींनंतर थबकला.

"जुनं कुटं हाय?"

"झालं वाचून. परत केलं."

"झालं?" त्याने मांडीवरचा डबा सरळ केला. मग विचारलं, "त्यो पाणक्या सुटला का?"

"पाणक्या?" मला आठवेना. "त्याचं काही दिलेलं नाही. पण लढाई जिंकतात शेवटी. राजा स्वतः येतो मदतीला."

"पाणक्याचं नाय दिलं?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि समोर बघत राहिला. माझ्या मांडीवरच्या भाष्यात सर्व भूतांच्या ठायी एकच आत्मा कसा आहे, हे चाललं होतं. मी चार पानं वाचली.

त्यानंतर आठवडाभर तो शेजारी बसायचा, पण पुस्तकात बघायचा नाही. मी पान हळू उलटून पाहिलं, पुस्तक त्याच्या बाजूला सरकवून पाहिलं. मग त्याची पाळी बदलली असावी, तो दिसेनासा झाला. पुढे मीही निवृत्त झालो.

परवा वाचनालयात तीच कादंबरी पुन्हा दिसली. घरी आणली आणि या वेळी सावकाश वाचली. शेवटून तिसऱ्या पानावर, राजाची मिरवणूक आणि तोफांची सलामी यांच्या मधोमध तीन ओळी आहेत. पाणक्या पहाटे किल्ला उतरून छावणीत येतो, रिकामी पखाल खाली ठेवतो आणि इथे विहीर कुठे आहे म्हणून विचारतो. बस, एवढंच. त्या रविवारी माझी नजर मिरवणुकीकडे धावली होती.

पुस्तक पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेलो. त्या वेळची उरणची गाडी लागलीच होती. कंडक्टरला खुणा सांगितल्या. यार्डात कामाला, गळ्यात टॉवेल, हातात डबा. तो हसला. "काका, अशी अर्धी गाडी हाय."

तरी मी त्याच गाडीने गेलो आणि परत आलो. तेव्हापासून दोनदा आणखी जाऊन आलो. बायको विचारते, तुम्हाला त्याची माफी मागायची आहे का? तसं नाही. मला त्याच्या शेजारी बसायचं आहे आणि सांगायचं आहे, की पाणक्या सुटला होता हो. पुस्तकात दिलं होतं. मीच वाचलं नव्हतं.