पाहुण्यांची खोली

मी निघाले त्या दिवशी आईने माझ्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. टॅक्सी दारात उभी, प्रार्थना होऊन गेलेली, पप्पा बॅगांची हँडलं ओढून बघतायत आणि ही बाई कुलूप ओढून बघतेय. "दोन वर्षांचा तर प्रश्न हाय," ती म्हणाली. "आल्यावर लागतील कपडे." इगतपुरीपर्यंत मी रडत होते. घाट उतरल्यावर दोन वडापाव खाल्ले. त्या वयात दुःखाला भूक लागते.

दोन वर्षांची अकरा झाली. मी आयर्लंडमध्ये नर्स आहे. ड्युटीचा रोटा, शिफ्ट, हीटिंगचं बिल, दुपारी चारला पडणारा अंधार, सगळं अंगवळणी पडलं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेलात, त्यांना 'पुढच्या वर्षी नक्की' या शब्दांची किंमत ठाऊक आहे. मागे राहिलात त्यांनाही असणार. तुम्ही फक्त बोलून दाखवत नाही.

या नाताळाला मी एकटीच आले, मनाशी एक गोष्ट सांगायचं ठरवून. आम्ही नवराबायकोने तिकडे घर घेतलंय. आता परत येणं नाही. पण नाताळाच्या गडबडीत, चर्चमधून थेट घरी येणाऱ्या माणसांच्या गराड्यात हे कुठे सांगणार? म्हटलं, नाताळ आणि नवं वर्ष यांच्यामधले दिवस बरे. आमच्याकडे तेव्हा सगळं निवांत असतं. आई रिकामे झालेले फराळाचे डबे घासते, पडदे धुते. पप्पा चांदणीच्या माळेतला जळका बल्ब शोधत बसतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्म घालवलेल्या माणसाला त्यासाठी अख्खी दुपार लागते, आणि आम्ही दोघी त्यावरून त्यांना छळतो. दुपारी आई गच्चीवर उन्हात गोधडी शिवायला बसते.

तिसऱ्या दुपारी मी धीर करून वर गेले. आई वाकून धावदोरा घालत होती. मी शेजारी बसले, गोधडीचं टोक मांडीवर ओढलं आणि बोलायला तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. मांडीवर माझा पिवळा ड्रेस होता, कॉलेजमधला. त्याच्या शेजारी युनिफॉर्मचा पांढरा चौकोन. त्याच्या पलीकडे मी पहिल्या पगारातून घेतलेल्या साडीचे काठ.

आईच्या माहेरी, सायखेड्याला, एक दंडक आहे. गोधडीत वारलेल्या माणसाचे कपडे घालावेत, सासरी गेलेल्या लेकीचे घालावेत. पण ज्याची वाट बघायची, त्याच्या कपड्याला कात्री लावायची नाही. माझ्या लग्नानंतरही आईने ते कपाट उघडलं नव्हतं. "जावई पण येईल की इकडं," म्हणायची. मी लहानपणापासून हा दंडक ऐकत आले होते, आणि तो आता माझ्या मांडीवर उन्हात पसरला होता.

"कोणी सांगितलं तुला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कोण सांगनार?" आईने मान वर केली नाही. "मागल्या टायमाला जाताना विमानतळावरून फोन केलास. म्हनलीस, आई, घरी पोचले की फोन करते. मी पप्पांना म्हनलं, चला, पोरगी घरी गेली."

म्हणजे त्या फोनपासून हिला माहीत होतं. दर रविवारी मी व्हिडिओ कॉलवर 'बघू, पुढच्या वर्षी' म्हणत होते, आणि ही हसून मान डोलवत होती. मला राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. आपल्याबद्दलची एवढी मोठी गोष्ट आपल्याआधी दुसऱ्याला कळलेली असते, तेव्हा काय बोलायचं असतं?

"घर घेतलंय आम्ही," मी म्हणाले.

"लय चांगलं केलंस." ती खरंच खूश झाली. "आमाला ऱ्हायला जागा हाय का त्यात?"

"आहे ना. वरती आहे एक. पाहुण्यांची खोली."

शब्द निघून गेल्यावर मला ऐकू आला. जीभ चावून उपयोग नव्हता.

आईने दोरा दाताने तोडला. "आसू दे गं. मी काय सायखेड्याला पाहुनी न्हाय का? भाऊ चांगला, वहिनी चांगली. पन एकदा चहा आला आन् पैला कप मला दिला. आधी कदी आसं नव्हतं, आमी पोरी शेवटाला प्यायचो, भांड्यात उरंल तो. तवा समजलं, हे घर आता भावाचं." ती हसली आणि तिने सुई माझ्या हातात दिली. "घे, त्या बाजूनं घाल. टाके लांब नको."

ऊन उतरेपर्यंत मी माझ्याच ड्रेसला टाके घालत होते. खाली आलो तेव्हा पप्पांना बल्ब सापडला होता आणि चांदणी लागली होती. ते खुर्चीत चहाची वाट बघत होते.

आईने चहा गाळला, कप ट्रेमध्ये ठेवले आणि बाहेर आली. मुद्दाम नाही, तिच्या लक्षातही आलं नसेल. पप्पांच्या पुढून ती सरळ माझ्याकडे आली आणि पहिला कप तिने मला दिला.