इंजिनाला पाजलेलं गोडं पाणी

दादा, मी बहारीनला निघाले त्या सकाळी बाबा स्टँडवर किती उशिरा पोचले, आठवतं? गाडी सुटायची वेळ झाली तरी यांचा पत्ता नाही. आईचा नुसता जीव खालीवर. आले ते ओल्या हातांनी, डिझेलचा वास घेऊन. पहाटे होडी किनाऱ्याला लागली होती, आणि इंजिनाला गोडं पाणी पाजल्याशिवाय हलतील तर ते बाबा कसले! "खारा पाणी पोटात रवला तर इंजिन सडता," म्हणाले, आणि तेवढंच म्हणाले. लेक परदेशी चाललीय आणि हा माणूस इंजिनाचं बोलतोय, म्हणून मी पार कणकवलीपर्यंत रडले.

आणि आता बघ, त्याच इंजिनांवर माझं पोट. मीना सलमान बंदरावरच्या बोटींच्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस कोऑर्डिनेटर. एसीत बसते, सगळे मला मॅडम म्हणतात. तुम्हा सगळ्यांना फोटो पाठवते ते याच ऑफिसातले. आमची काही गिऱ्हाइकं बोट थंड देशात नेतात. तिथे हिवाळ्यात इंजिनात राहिलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि लोखंडाला तडा जातो. म्हणून बोट पाठवायच्या आधी आमची माणसं इंजिनातलं पाणी काढून न गोठणारं गुलाबी औषध भरतात. गोडं पाणी तर खाऱ्याच्याही आधी गोठतं. हे मला इथे आल्यावर कळलं. आपल्याकडे बर्फ बघितला तो मासळीच्या पेटीतला.

बाबा या जानेवारीत आले, तेव्हा उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये चार दिवसांत कंटाळले. समोर बिल्डिंग, मागे बिल्डिंग, आणि नात इंग्रजीत उत्तरं देणारी. "माका तुझ्यो होड्यो तरी दाखव गे," असा धोशा लावला. शेवटी नेलं एका सकाळी. नेताना माझ्या नवऱ्याची पँट आणि इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. गेटजवळच्या बाकावर बसवलं आणि बजावलं, "इथेच बसा, कुणाशी बोलू नका." ऑफिसात कुणाला ओळख करून दिली नाही. कामाची गडबड होती, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. त्यांच्या फाटलेल्या टाचा आणि ते मोठ्याने बोलणं मला तिथे नको होतं. लिहितानाही लाज वाटते, पण तुला नाही सांगणार तर कुणाला?

दुपारी एक गोरं गिऱ्हाईक आपली बोट बघायला आलं. दुसऱ्या दिवशी ती कंटेनरमध्ये चढायची होती. मी त्याला घेऊन शेडमध्ये गेले तर बाबा बोटीत वाकलेले, हातात पाण्याचा पाईप. शर्ट भिजलेला, खाली गुलाबी थारोळं. इंजिनात रंगीत घाण पाणी राहिलंय असं त्यांना वाटलं होतं. खालचा नट सोडून त्यांनी सगळं औषध काढून टाकलं आणि वरून गोडं पाणी सोडलं. चेहऱ्यावर काय समाधान होतं, दादा! माझ्याकडे बघून हसलेसुद्धा.

गिऱ्हाइकाने विचारलं, हा माणूस कोण?

मी बाबांवर ओरडले. हिंदीत. "किसने बोला तुमको हाथ लगाने को? नया है क्या?"

त्यांचं हसू तसंच थांबलं. एकदा गिऱ्हाइकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पाईप खाली ठेवला, मान खाली घातली आणि म्हणाले, "गलती हुआ, मॅडम."

फोरमन बशीर पुढे झाला. "खलास मॅडम, छोड़िए, मैं देखता हूँ. शाम तक फिर से भर देंगे." मी गिऱ्हाइकाला घेऊन चहाला ऑफिसात आले. आपल्याच बापाला नवा हेल्पर ठरवून मी त्या माणसाला साखर किती हवी ते विचारत होते. जनाची सोड, मला मनाचीही उरली नव्हती.

संध्याकाळी गाडीत मला वाटलं आता बोलतील, चांगली कानउघाडणी करतील. करायलाच हवी होती. ते म्हणाले, "तुझ्या नोकरीक काय धोको नाय मां?" मी नाही म्हटलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी रस्त्यावरच्या खजुराच्या झाडांचा विषय काढला. उरलेले दिवस हे असंच चाललं. मी त्या दुपारवर आले की त्यांना तहान लागायची, नाहीतर आईला फोन करायचा असायचा. आणि एक दिवस ते विमानात बसून गेलेसुद्धा.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले. निदान एका माणसाला तरी खरं सांगू, म्हणून बशीरला म्हटलं, "उस दिन वो हेल्पर नहीं थे. मेरे बाबा थे."

बशीर हातातला पाना पुसत राहिला. "मालूम है मॅडम. सुबह आते ही सबसे हाथ मिलाया. बोले, मेरी लड़की इधर ऑफिस में बैठती है." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आप साहब के साथ चाय पीने गईं, तब अंकल ने सबको बोला, उसको मत बताना कि तुम लोग जानते हो. उसको बुरा लगेगा."

दादा, मी मे महिन्यात येतेय, होडी वर ओढून पावसाळ्यासाठी झापांनी शाकारायच्या वेळी. तिकीट काढलंय. आपल्या वाडीत मला अजून कुणी नावाने ओळखत नाही, बाबांची लेक, बाबांचं चेडू म्हणूनच ओळखतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता घर म्हटलं की तेवढंच आठवतं, आणि तिथे कुणी तशी हाक मारली तर ओ द्यायला माझं तोंड उघडेल की नाही, ते मला माहीत नाही.